लाल काचेतलं आभाळ

परवा दुपार कलताना लेकीनं एका बोटानं आभाळ काळं केलं, आणि त्याच बोटानं माझ्या कपाळावरचं कुंकूही नेलं.

तिचा काही दोष नाही. पुण्याहून चार दिवस कळंबला आली होती. सकाळी तिनं शेताच्या बांधावर आम्हा दोघांचा, म्हणजे माझा आणि तिच्या वडिलांचा, फोटो काढला. तो झाल्यावर हे मोटारसायकलला किक मारून बावड्याला कुणाकडचा एक एडका बघायला गेले. शेती उसाची असली तरी यांचा जीव अजून मेंढरातच. चांगला एडका कुठं आहे असं कळलं की घरात पाय ठरत नाही. लेक लॅपटॉप घेऊन ओसरीवर बसली. मी शेजारी शेंगा फोडत होते.

‘आई, ब्लॅक अँड व्हाइट करू?’ तिनं विचारलं आणि उत्तराची वाट न बघता करूनही टाकला. फोटोतले रंग गेले. मग पडद्याच्या कडेला लाल, पिवळ्या, निळ्या अशा पट्ट्या होत्या, त्यातली निळी तिनं एका बाजूला ओढली. वैशाखातलं कोरडं निळं आभाळ आमच्या डोक्यावर हळूहळू काळवंडत गेलं. ढगाचे दोन पुंजके होते, ते पांढरेफेक उठून आले. तिनं लाल पट्टी दुसऱ्या बाजूला ढकलली. ह्यांचा तांबडा फेटा पांढरा झाला. माझे ओठ फिके पडले आणि कपाळ मोकळं झालं.

‘बघ, कसला ड्रामा आला आभाळाला!’ ती खुशीत म्हणाली.

मी म्हटलं, ‘बंद कर ते.’ आवाज एवढा मोठा आला की कोंबड्या अंगणातून पळाल्या. लेक माझ्याकडे बघत राहिली. माझ्या मुठीतल्या शेंगा खाली सांडल्या होत्या आणि मला त्या दिसत नव्हत्या.

मी जात्याच भित्री आहे. अंधाराला भिते, विहिरीला भिते, अवेळी आलेल्या पाहुण्याला भिते. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात, तसा तो माझ्यापाठी असतोच. पण वैशाखात तो जरा जास्त जवळून चालतो. उन्हानं जमीन तापलेली असते, दुपारी वारा अचानक पडतो, पान हलत नाही, आणि मग पूर्वेकडच्या क्षितिजावर कुणीतरी शाईची दौत कलंडल्यासारखा एक डाग दिसतो. बाकीची माणसं म्हणतात, वळीव येतोय, बरं झालं, गारवा होईल. मी ह्यांना शोधायला लागते. हे घरात असले तर काहीतरी कारण काढून आत बोलावते. बाहेर असले तर दारात उभी राहते. इतकी वर्षं झाली, आता हे सुद्धा ओळखून आहेत. ‘तुझं आभाळ आलं का?’ असं चिडवतात.

ते आभाळ खरोखर माझंच आहे. मीच केलेलं आहे.

माझ्या वडिलांचा इंदापुरात फोटो स्टुडिओ होता. मी हायपोच्या वासात वाढले. हायपो म्हणजे फोटो पक्का करायचं पाणी; त्याचा आंबूस वास बाबांच्या बोटांना जेवतानाही यायचा. मला भाऊ नव्हता, म्हणून बाबांनी कॅमेरा मला शिकवला, आणि अंधारखोलीतल्या तांबड्या दिव्याखाली कागदावर माणूस कसा उमटवायचा तेही शिकवलं. बाबांकडे एक लाल काच होती. रुपयाच्या नाण्याहून थोडी मोठी, पितळी कड्यात बसवलेली. ती कॅमेऱ्याच्या भिंगापुढे लावली की निळा उजेड आतच येत नाही, आणि निळं नाही म्हणजे आभाळ नाही. जिथं आभाळ असायला हवं तिथं काळोख उमटतो, आणि त्या काळोखात ढग चुन्यानं काढल्यासारखे दिसतात. ‘साध्या फोटोत आभाळ कागदासारखं पांढरं येतं,’ बाबा म्हणायचे, ‘म्हणजे न आल्यासारखंच. त्याला ओढून आणावं लागतं.’

पण त्या काचेची एक खोड होती. निळं ती काळं करते तसं तांबडं पांढरं करते. बाईच्या कपाळावरचं कुंकू त्या काचेतून दिसतच नाही. म्हणून मोकळ्यावर फोटो काढायचा असला आणि चौकटीत सवाष्ण असली, की बाबा आधी तिच्या कुंकवावर काजळाचं बोट टेकवायला लावायचे. ‘बाई, जरा वेळ काळं लावा, फोटोत नीट दिसेल.’ त्यासाठी काजळाची एक डबी स्टुडिओच्या पिशवीत कायम असायची. बायका हसायच्या आणि लावून घ्यायच्या. ही गोष्ट मी लहानपणापासून बघितलेली. विसरायची काही गरज नव्हती.

नव्वदच्या दशकात रंगीत फोटो गावोगाव पोचले आणि बाबांची अंधारखोली ओस पडायला लागली. माझं लग्न ठरलं तेव्हा त्यांनी त्यांचा जुना एन्लार्जर मला दिला. एन्लार्जर म्हणजे फोटो मोठा करायचं यंत्र. उभ्या दांड्यावर वर दिवा, खाली फळी. आईनं तो रुखवतात मांडला. कळसाच्या लाडवांशेजारी. वऱ्हाडातल्या बायका येऊन त्याच्याभोवती फिरत होत्या, आणि माझ्या होणाऱ्या सासूबाईंनी त्याचा दांडा वरखाली करून बघून निकाल दिला, ‘शेवयाचं यंत्र हाय. पर भोकं कुठं हायती?’ पुढं कित्येक वर्षं त्या घरात त्याचं नाव शेवयाचं यंत्र असंच राहिलं.

सासूबाईंना आम्ही आत्याबाई म्हणायचो. सासर मूळचं मेंढपाळांचं. थोरल्या दिरांनी, म्हणजे तात्यांनी, मेंढरं सोडून ऊस धरला होता. साखर कारखान्याचे सभासद होते, त्याचा भोंगा झाला की घड्याळ लावायचे. धाकट्यांना, म्हणजे ह्यांना, मेंढरं सोडवेनात. सासरे नव्हते. ते गेले त्याला बरीच वर्षं झाली होती. कसे गेले ते मला लग्नाआधी कुणी सांगितलं नाही. लग्नानंतर एवढंच ध्यानात आलं की त्या घरात विजेचं नाव घेत नाहीत. ‘ती’ म्हणतात. ‘ती चमकली’, ‘ती लांब हाय अजून.’ मला वाटलं, नवऱ्याचं नाव न घेण्यासारखी एखादी रीत असेल.

आणखी एक गोष्ट होती, ती मला फार उशिरा कळली. त्या घरात फोटो वरून खाली बघत. आपण फोटो हातात आला की माणसाचा चेहरा बघतो. आत्याबाई आधी आभाळ बघायच्या, मग जमीन, मग जनावर, आणि शेवटी माणूस. उभा जन्म उघड्यावर काढलेल्या माणसाची नजर अशीच जात असणार.

लग्नानंतरचा दुसरा वैशाख. हे मेंढरं घेऊन बावड्याच्या अंगाला गेले होते. ऊस तुटून गेलेल्या मोकळ्या रानात मेंढरं बसवायची, चार रात्री या शेतात, चार त्या. मेंढरांच्या लेंड्यांनी रान खतावतं आणि शेतकरी धान्य देतो. त्या दिवसांत फोन नव्हता. आलं गेलं माणूस निरोप सांगेल तेव्हा कळायचं. मी माहेरी इंदापूरला गेले होते. तिथून एक दिवस एसटीनं बावड्याला उतरले, गळ्यात बाबांचा कॅमेरा आणि काखेत भाकरीचं गाठोडं. विचारत विचारत ह्यांच्या रानात पोचले तेव्हा सकाळचं ऊन अजून तिरपं होतं. मला बघून हे इतके लाजले की आधी मेंढरांशीच बोलायला लागले.

आभाळ अतिशय सुंदर होतं. निळंशार, आणि त्यात ढगांचे दोनच पुंजके. मी बाबांची काच लावली. कॅमेरा बांधावरच्या दगडावर ठेवला, आपोआप फोटो निघायची कळ ओढली आणि पळत ह्यांच्याशेजारी जाऊन उभी राहिले. माझ्या पळण्यानं मेंढरं उधळली. हे ओरडले, ‘आगं, फोटू काढतीस का मेंढरं हाकतीस?’ आणि कळ पडली. एवढा आनंद मला लग्नातसुद्धा झाला नव्हता. त्या आनंदात मी काजळ विसरले.

कळंबला परतल्यावर धान्याच्या खोलीला घोंगडं लावून मी अंधारखोली केली. तांबडा दिवा लावला. कागदावर उजेड पाडला आणि कागद फोटो उमटवायच्या औषधाच्या ताटात सोडला. बाबांबरोबर शेकडो फोटो असे उमटताना बघितले होते. पण त्यात आधी माणसाचे केस यायचे, डोळे यायचे, कोटाची बटणं यायची. इथं सगळ्यात आधी आभाळ आलं. पांढऱ्या कागदाच्या वरच्या कडेनं काळं खाली उतरत आलं, आणि त्याच्या खाली बराच वेळ कुणीच नव्हतं. मग आमच्या दोघांच्या सावल्या आल्या. लांब, काळ्याकुट्ट. आणि त्या सावल्यांच्या टोकाला सगळ्यात शेवटी, फिके, आम्ही.

माझ्या अंगावर काटा आला. पण तो मी कलेच्या खात्यावर टाकला. वाटलं, बाबांना दाखवायला हवा.

ओला फोटो मी ओसरीवर आणला. तात्यांनी बघितला आणि म्हणाले, ‘भारी आलाय की! सिनेमाच्या बोर्डावानी.’ मग आत्याबाईंनी हातात घेतला. आधी वर बघितलं, मग खाली. मग परत वर.

‘ऊन हाय म्हणावं तर आभाळ काळं,’ त्या म्हणाल्या. ‘आभाळ काळं म्हणावं तर सावली पडलीया. ह्ये कवाचं हाय?’

‘चार दिवस झाले असतील. आभाळ असं नव्हतं, आत्याबाई. काचेनं असं दिसतं.’

‘त्येचा फेटा तांबडा हाय. पांढरा कुणी बांधला?’

मी तोंड उघडलं. त्यांचं बोट सरकत माझ्या चेहऱ्यावर आलं आणि थांबलं. आता विचारतील म्हणून मी वाट बघत होते. फोटो त्यांनी मांडीवर पालथा घातला, त्यावर दोन्ही हात ठेवले, आणि माझ्या कपाळाकडे बघत राहिल्या, खऱ्या कपाळाकडे. मला एकदम सगळं दिसलं. काळं आभाळ, पांढरा फेटा बांधलेला माणूस, शेजारी मोकळ्या कपाळाची बाई. मी माझ्या हातानं काय काढून आणलं होतं ते मला तेव्हा दिसलं.

‘आसं आभाळ म्या एकदाच बघितलंया,’ त्या म्हणाल्या. ‘मावळतीला ऊन व्हतं. उगवतीला काळं. तुजा सासरा मेंढरात हुबा. सावली ही एवढी लांब. म्या हाक मारली, आवो, इकडं या. त्यो हसला. म्हनला, ऊन पडलंया की. आन् मग ती आली.’

तात्यांनी त्यांना समजावायचा प्रयत्न केला. ‘आये, फोटू हाय त्यो. कागद हाय.’

‘कागदच येतो आदी,’ आत्याबाई म्हणाल्या. ‘जा तू. त्येला तितनं हलीव. आत्ताच्या आत्ता जा.’

तात्या हसले, चिडले, पाणी प्याले. आत्याबाई भाकरीला शिवेनात. शेवटी दुपारच्या उन्हात तात्यांनी मोटारसायकल काढली. ‘तुमच्या फोटूपायी लोक हसत्याल मला,’ असं मला बोलून गेले. खरं तर लोकांनी हसावं यापरतं मला त्या वेळी काहीच नको होतं.

शिकलेल्या बाईनं अशा वेळी काय करावं? मला त्या काचेचं सगळं माहीत होतं. निळं का जातं, तांबडं का फिकं पडतं, सगळं. मी मनात ते पुन्हा पुन्हा म्हणत होते, आणि तरी पाय दाराकडेच वळत होते. काय माहीत आहे यावर भीती अवलंबून नसते. मी लाल काच हातात धरून अंगणात गेले आणि तिच्यातून आभाळाकडे बघितलं. पूर्वेकडे काळं होतं. काच खाली घेतली. तरी काळंच होतं.

वारा पडला होता. पश्चिमेकडून ऊन येत होतं, पिवळं, आडवं, आणि माझी सावली अंगणभर लांब पडली होती. फोटोतलं आभाळ घराशी आलं होतं.

‘आत्याबाई,’ मी हाक मारली. त्या दारात आल्या, वर बघितलं, आणि खाली बसल्या. मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, ‘पुस. त्येच्या डोक्यावरचं आभाळ पुस.’

‘पुसता येत नाही ओ.’

‘तूच केलंस न्हवं? मग तुलाच आलं पायजे.’

मी रडकुंडीला आले होते. म्हटलं, ‘पुसता येत नाही. झाकता येतं फक्त. कागदावर उजेड पडतो तेव्हा मधे हात धरला, तर तिथं काळं होत नाही.’

‘मग धर की हात,’ आत्याबाई म्हणाल्या, जणू पोराच्या डोक्यावर पदर धरायला सांगत होत्या. ‘जा. धर.’

मी धान्याच्या खोलीत गेले. घोंगडं ओढलं. बाहेर गडगडायला लागलं होतं. बाबांचा एक नियम होता. उजेडात हात धरायचा तर तो सतत हलता ठेवायचा, थोडा इकडं, थोडा तिकडं, म्हणजे हाताची खूण उमटत नाही आणि आभाळ आपोआप फिकं झाल्यासारखं वाटतं. मी नवा कागद फळीवर ठेवला, एन्लार्जरचा दिवा लावला. कागदावर ह्यांचा चेहरा उलटा पडला, म्हणजे काळं ते पांढरं आणि पांढरं ते काळं. मी ह्यांच्या डोक्यावर हात धरला. तेवढ्यात पत्र्यावर पहिली गार आदळली, दगड मारल्यासारखी.

हात हलवायचा होता. मला हलवता येईना. मला वाटलं, हलवला आणि तेवढ्यात फट राहिली तर? ती त्या फटीतून आली तर? मूर्खपणा होता, पण मी तसाच हात ताठ धरून उभी राहिले, श्वाससुद्धा न घेता. आणि वीज गेली. म्हणजे दिव्याची. वरचा दिवाही गेला आणि तांबडा दिवाही. खोलीत डोळे उघडे आहेत की मिटलेले ते कळेना इतका काळोख झाला.

पत्र्यावरचा आवाज वाढत गेला. मी चाचपडत कागद उचलला आणि औषधात सोडला. उमटतंय की नाही ते बघायला उजेड नव्हता. कागदावर हे आले आहेत की नुसतं काळं आलंय, कळायला मार्ग नव्हता. मधेच वाऱ्यानं घोंगडं हललं आणि फटीतून लख्खकन उजेड आत आला. फोटोच्या ओल्या कागदावर असा उजेड पडला की तो काळाठिक्कर पडतो. मी ताटावर आडवी झाले, पदर पसरला, पाठ वर करून ताट पोटाशी घेतलं. लुगडं औषधानं भिजलं. ‘इथं नको, इथं नको,’ असं मी कुणाला तरी म्हणत होते. त्या वेळी मला खरंच वाटत होतं की ह्यांचा जीव त्या ताटात आहे, आणि मी हलले तर तो जाईल. आजही मला त्याचं हसू येत नाही.

किती वेळ गेला माहीत नाही. कागद हायपोत टाकला, बोटांनी दाबून धरला. पत्र्यावरचा मारा कमी होत गेला. घोंगडं बाजूला करून मी बाहेर आले, तर अंगण पांढरं झालं होतं. डाळिंबाच्या झाडाला पान राहिलं नव्हतं. गोठ्यावरचे दोन पत्रे कुठं गेले ते दुसऱ्या दिवशी सापडले. आत्याबाई उंबऱ्यात तशाच बसलेल्या, मांडीवर पालथा फोटो. मी नवा फोटो त्यांच्यापुढे धरला आणि दारातल्या उजेडात तो आम्ही दोघींनी एकदमच बघितला.

दिवा मधेच गेल्यामुळं आभाळ काळं न होता राखाडी राहिलं होतं. आणि त्या आभाळात, ह्यांच्या फेट्याच्या जरासं वर, एक पांढरा पंजा होता. पाचही बोटं स्पष्ट. करंगळी बाहेरच्या अंगाला वाकडी, जशी माझी आहे. लहानपणी दारात सापडली होती.

आत्याबाईंनी माझा उजवा हात ओढून घेतला, फोटोतल्या पंजाशेजारी धरला आणि करंगळी लावून बघितली. मग म्हणाल्या, ‘तुजाच हाय.’ आतून कुंकवाचा करंडा आणायला लावला. स्वतः हात लावला नाही. ‘माजा नगं. तू लाव. फोटूतल्या कपाळाला लाव.’ मी लावलं. ओल्या कागदावर ते थोडं पसरलं.

रात्रभर कुणी आलं नाही. आता दोघांची काळजी होती. आत्याबाई मधेच उठून दार उघडायच्या, वर बघायच्या आणि लावून घ्यायच्या. मी कूस बदलली की औषधानं कडक झालेलं लुगडं करकरायचं, आणि दर वेळी मला फटफटी वाजल्यासारखं व्हायचं.

सकाळी मोटारसायकल आली. पुढं तात्या, मागं हे. दोघेही कोरडे. हे उतरले, उघड्या पडलेल्या गोठ्याकडे, झोडपलेल्या झाडांकडे, कोपऱ्यात अजून न वितळलेल्या गारांकडे बघत राहिले आणि म्हणाले, ‘हितं काय झालं ह्ये? तिकडं थेंब न्हाय!’

थेंब न्हाय. वळवाचं असंच असतं. एका शिवारात गारांचा खच आणि शेजारच्यात फुफाटा. आम्ही ज्या आभाळाला भीत होतो ते ह्यांच्या डोक्यावर आलंच नव्हतं. ते आमच्या घरावर येऊन गेलं होतं. तात्या म्हणाले, ‘म्या तितं जाऊन सांगितलं, आयेनं बोलवलंया, आभाळ आलंया. तर ह्यो वर बघून म्हनतो, कुठं हाय आभाळ?’

मला आनंद व्हायला हवा होता. झाला तो राग. भीती ओसरली की तिच्या जागी आधी रागच येतो, हे मला त्या दिवशी कळलं. मी ह्यांना म्हटलं, ‘एखादा थेंब पडला असता तर काय बिघडलं असतं का?’ आणि भोकाड पसरलं. ह्यांना काहीच कळेना. आत्याबाई तेवढ्या हसल्या. मग त्यांनीही पदर तोंडाला लावला.

‘तिकडं थेंब न्हाय’ हे वाक्य पुढं आमच्या घरात म्हणीसारखं झालं. कुणी उगाच घोर लावून घेतला की दुसरा म्हणतो, थेंब न्हाय. लेक लहान होती तेव्हा परीक्षेच्या निकालाला जाताना मी तिला हेच सांगायची. काळा फोटो आत्याबाईंनी त्याच दिवशी चुलीत घातला. पंजाचा फोटो अजून आहे, देव्हाऱ्याशेजारी. नवं माणूस विचारतं, हा कुठल्या देवाचा हात? आत्याबाई होत्या तोवर त्या ठसक्यात सांगायच्या, ‘देव कशाला? आमच्या धाकटीचा हाय.’

पण भीती काही त्या म्हणीनं गेली नाही. उलट मला एक वाईट खोड लागली. ते आभाळ ह्यांच्यावर आलं नाही ते कुणामुळं, हा प्रश्न मी स्वतःला कधी नीट विचारलाच नाही. वळीव तसाच असतो म्हणून, हे उत्तर मला पाठ आहे. पण मनात दुसरंही एक उत्तर आहे, आणि ते खरं असेल तर हात काढून चालणार नाही. मग वैशाख आला की मी दारात उभी राहते. बाबांची लाल काच मी त्यानंतर कधी लावली नाही. बाबा गेले, एन्लार्जर माळ्यावर गेला, आणि मला वाटलं, चला, सुटले. आता फोनवर निघणाऱ्या फोटोत आभाळ निळंच येतं.

आणि परवा लेकीच्या बोटाखाली ते परत आलं. काच नाही, औषध नाही, अंधार नाही. भर उजेडात, ओसरीवर. मला माहीत नव्हतं की ती काच अशी प्रत्येक यंत्रात लपून बसली आहे.

‘आई, अगं फिल्टर आहे तो नुसता,’ लेक म्हणाली. ‘हे बघ, परत आणते आभाळ.’ तिनं पट्टी ओढली. आभाळ फिकं झालं, कपाळावर करडा ठिपका आला. पुन्हा सोडली. काळं.

‘तुझ्या वडिलांना फोन लाव,’ मी म्हटलं.

तिनं लावला. लागला नाही. परत लावला. ‘रेंज नसेल,’ ती म्हणाली. वारा पडला होता. कोंबड्या गप्प झाल्या होत्या. ओसरीच्या कडेवर ऊन होतं, आडवं, पिवळं, आणि खांबाची सावली लांब आत आली होती. मी पूर्वेकडे बघितलं नाही. बघायची गरज नव्हती. लेकीनं बघितलं आणि तिचा चेहरा मला दिसला. लहानपणापासून ती माझ्या शेजारी दारात उभी राहिलेली आहे.

‘तिकडं थेंबही नसेल, आई,’ ती म्हणाली. पण हळू म्हणाली.

पडद्यावर हे उभे होते, पांढरा फेटा, लांब सावली, वर काळंभोर. माझा उजवा हात आपोआप गेला. मी तो पडद्यावर ठेवला, ह्यांच्या डोक्याच्या जरासा वर, आणि दाबून धरला. बाबांचा नियम आठवत होता. हलवला नाही.

‘आई, फोटो दिसत नाहीये. हात काढ ना.’

बऱ्याच वेळानं काढला. तळव्याला घाम आला होता. काळ्या आभाळात त्याचा दमट पंजा उमटला, पाच बोटं, करंगळी वाकडी. लांब कुठंतरी गडगडलं. लेकीनं सवयीनं ओढणीचं टोक घेतलं आणि काच पुसायला हात पुढं केला.

‘पुसू नको,’ मी म्हटलं. ‘हे घरी आल्यावर पूस.’